दोन डोळ्यांमधले अंतर

प्रौढ माणसाच्या दोन्ही बाहुल्यांच्या मध्यांमधले अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते. कोणाचे ५५, कोणाचे ७०, पण या पट्ट्याच्या फारसे बाहेर ते सहसा जात नाही. दोन डोळ्यांनी होणारे दर्शन आणि दोन्ही डोळ्यांसाठी घडवलेली उपकरणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असला, तरी त्याचा सगळा रोख या अडीच इंचांवर आहे. पक्षिनिरीक्षकाची दुर्बीण, शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक, युद्धनौकेवरचा अंतरमापक, नेत्रवैद्याने कपाळावर बांधलेले तपासणीयंत्र आणि नकाशांसाठी पृथ्वीची छायाचित्रे घेणारा उपग्रह ही साधने एकमेकांपासून कितीही दूरची वाटली, तरी त्यांच्या रचनाकारांना एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले : पाहणाऱ्याच्या दोन डोळ्यांमध्ये अंतर किती ठेवायचे? निसर्गाने दिले तेवढेच ठेवायचे, वाढवायचे, आक्रसायचे, शून्यावर आणायचे की उलटे करायचे, या निवडीवर उपकरणातून काय दिसेल हे बऱ्याच अंशी ठरते. आणि भिंगे किती स्वच्छ, चित्र किती मोठे, याच गोष्टी मोजणाऱ्या ग्राहकाच्या लक्षातून नेमकी हीच निवड निसटते.

दुसरा डोळा हा पहिल्याचा राखीव गडी आहे, अशी एक समजूत आढळते. ती सर्वस्वी खोटी नाही, कारण एक डोळा गेला तरी माणूस आंधळा होत नाही. शिवाय अगदी अंधूक प्रकाशात दोन डोळ्यांची एकत्रित संवेदनक्षमता एका डोळ्याच्या सुमारे १.४ पट भरते, हाही एक लाभच आहे. परंतु केवळ राखीव म्हणून दुसरा डोळा हवा असता तर तो ससा, घोडा किंवा हरिण यांच्याप्रमाणे डोक्याच्या दुसऱ्या बाजूला असणे अधिक सोयीचे होते. या प्राण्यांना जवळजवळ सगळे क्षितिज एकदम दिसते आणि मागून येणारा शत्रू त्यांच्या नजरेतून सुटत नाही. माणूस, माकड, मांजर, घुबड यांनी ही सोय गमावली आहे. त्यांचे दोन्ही डोळे समोर वळलेले असतात. माणसाच्या सुमारे १९० अंशांच्या दृष्टिक्षेत्रापैकी सुमारे १२० अंशांचा भाग दोन्ही डोळ्यांना सामाईक असतो, म्हणजे बहुतेक सगळे दृश्य दोनदा टिपले जाते. पाठीमागचे जग सोडून देऊन मिळवलेली ही पुनरुक्ती उपयोगाची ठरते ती एवढ्यासाठीच, की दोन्ही वेळा टिपलेले दृश्य तंतोतंत सारखे नसते.

हा फरक किती असतो ते आकड्यांत पाहिल्यावर त्याची करामत लक्षात येते. पंचांग पाहणाऱ्यांना परिचित असलेली कोनमापनाची परिमाणे येथे उपयोगी पडतात : एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. दोन वस्तू कमीअधिक अंतरावर असल्या, की त्यांच्या प्रतिमांमधले कोनीय अंतर डाव्या आणि उजव्या डोळ्यात किंचित वेगळे येते. या तफावतीला दृष्टिभेद म्हणता येईल. निकोप नजरेच्या माणसाला २० विकलांचा दृष्टिभेद सहज जाणवतो, आणि सरावलेल्यांना याच्या निम्माही जाणवतो. वीस विकलांचा हिशोब धरला तर ४० सेंटिमीटरवर, म्हणजे सुईत दोरा ओवण्याच्या अंतरावर, केवळ पाव मिलिमीटरचे मागेपुढे दोन डोळ्यांना कळते. एक मीटरवर दीड मिलिमीटरचे, दहा मीटरवर पंधरा सेंटिमीटरचे, आणि शंभर मीटरवर मात्र पंधरा मीटरचे. अंतर दहापट झाले की चूक शंभरपट होते, कारण दृष्टिभेद अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. साडेसहाशे मीटरच्या आसपास हा हिशोब संपतो; त्यापलीकडची टेकडी आणि तिच्यामागची टेकडी यांतील अंतर उघड्या डोळ्यांना दृष्टिभेदाने कळू शकत नाही. द्विनेत्री दर्शनाचे खरे राज्य हाताच्या पल्ल्यातले आहे, क्षितिजावरचे नाही.

मग दूरचे जग सपाट का दिसत नाही? कारण खोली ओळखण्याच्या इतर खुणा एका डोळ्यालाही उपलब्ध असतात. पुढची वस्तू मागचीला झाकते, ओळखीची वस्तू दुरून लहान दिसते, लांबचे डोंगर धुरकट निळसर होतात, सावली उंचसखलपणा सांगते, आणि पाहणारा हलला की जवळच्या वस्तू भरभर तर दूरच्या सावकाश सरकतात. या खुणांचे सामर्थ्य किती, याचे भारतातले विख्यात उदाहरण मन्सूर अली खान पतौडी यांचे आहे. १९६१च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली, तरी त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते भारताकडून कसोटी सामना खेळले, पुढच्याच वर्षी वयाच्या एकविसाव्या वर्षी कर्णधार झाले आणि १९६४मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद २०३ धावा केल्या. दुखावलेल्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालून खेळताना त्यांना एकाच्या जागी दोन चेंडू दिसत, म्हणजे बिघडलेला दुसरा डोळा मदत करण्याऐवजी अडथळाच करी. वेगाने अंगावर येणारा चेंडू केव्हा पोहोचेल हे त्याच्या प्रतिमेच्या फुगत जाण्याच्या गतीवरूनही कळते, आणि त्या कामाला एक डोळा पुरतो. सुईत दोरा ओवणे, पेल्याला पेला न खणखणवता पाणी ओतणे, शिरेत सुई घालणे ही कामे मात्र एक डोळा मिटून करून पाहिली, की दुसऱ्याची किंमत कळते.

दोन डोळ्यांना वेगवेगळे दिसते ही गोष्ट प्राचीनांना ठाऊक होती. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याने खांबाजवळ उभे राहून आळीपाळीने एकेक डोळा मिटण्याचा प्रयोग सांगितला आहे. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम याने एकाच वस्तूची दोन रूपे कधी दिसतात आणि कधी नाही, याची प्रयोगांनी छाननी केली. आणि चित्रात कितीही कौशल्य ओतले तरी दोन डोळ्यांना दिसणारा उठाव त्यात आणता येत नाही, हे लिओनार्दो दा विंची याने नोंदवून ठेवले. एवढे हाताशी असूनही पुढचे पाऊल पडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. या सर्वांना पडलेला प्रश्नच वेगळा होता हे त्याचे कारण दिसते. डोळे दोन असूनही जग एकच कसे दिसते, हे कोडे सोडवण्यात त्यांची बुद्धी खर्च झाली, आणि दोन प्रतिमांमधला फरक ही त्यांच्या दृष्टीने मिटवण्याची अडचण होती, वापरण्याची सामग्री नव्हती.

हा प्रश्न फिरवला चार्ल्स व्हीटस्टन याने. वाद्ये बनवणाऱ्या घराण्यात जन्मलेला, लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक असलेला आणि तारायंत्राच्या जनकांपैकी एक म्हणून अधिक ओळखला जाणारा हा शास्त्रज्ञ २१ जून १८३८ रोजी रॉयल सोसायटीपुढे जो निबंध घेऊन आला, त्यात त्याने काटकोनात बसवलेल्या दोन आरशांचे एक साधे यंत्र वर्णिले होते. डाव्या डोळ्याला डावीकडच्या आरशातून एक चित्र दिसे, उजव्याला उजवीकडच्या आरशातून दुसरे. ही चित्रे एकाच घन आकृतीची, पण दोन डोळ्यांच्या जागांवरून काढलेली असत, आणि पाहणाऱ्यापुढे कागदाऐवजी हवेत उभी राहिलेली भरीव वस्तू अवतरे. या यंत्राला त्याने स्टिरिओस्कोप असे नाव दिले. चित्रे म्हणून त्याने केवळ रेषाकृती निवडल्या, ही त्याची खरी चतुराई होती. छाया नाही, धूसरता नाही, ओळखीची वस्तू नाही, आणि तरीही खोली दिसते, त्या अर्थी ती दोन चित्रांच्या फरकातूनच निर्माण झाली पाहिजे, हा युक्तिवाद त्यामुळे निर्विवाद झाला. छायाचित्रणाची पद्धत जगापुढे जाहीर झाली ती त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे हे यंत्र करमणुकीचे साधन होण्यापूर्वीच विज्ञानातला पुरावा होऊन चुकले होते.

त्याच १८३८ साली जर्मन ज्योतिर्विद फ्रीड्रिख बेसेल याने हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर प्रथमच विश्वसनीयरीत्या मोजले. पृथ्वी सूर्याभोवतीच्या कक्षेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली, की जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकल्यासारखा दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात, आणि बेसेलला तो एका विकलेच्या सुमारे एकतृतीयांश एवढा आढळला. व्हीटस्टनच्या आधाररेषेची, म्हणजे निरीक्षणाच्या दोन जागांमधल्या अंतराची, लांबी अडीच इंच होती आणि बेसेलच्या आधाररेषेची सुमारे तीस कोटी किलोमीटर. भूमितीत मात्र तिळमात्र फरक नव्हता. दोघांचा एकमेकांच्या कामाशी संबंध नसतानाही ही दोन्ही कामे एकाच वर्षात पुरी व्हावीत हा योगायोगच. पण तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

स्टिरिओस्कोपचा पुढचा संसार सुखाचा झाला. डेव्हिड ब्रूस्टर याने १८४९मध्ये भिंगांचा आटोपशीर नमुना केला, १८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनात तो गाजला, आणि १८६१मध्ये अमेरिकन वैद्य व निबंधकार ऑलिव्हर वेंडेल होम्स याने हातात धरण्याजोगा स्वस्त नमुना तयार करून त्याचे पेटंटही घेतले नाही. लाखो जोडचित्रे विकली गेली, काशीचे घाट आणि मुंबईचे रस्ते परदेशांतील दिवाणखान्यांत भरीव होऊन पोहोचले. १९३९मध्ये आलेल्या व्ह्यू-मास्टरच्या चकतीवरील सात जोड्या हा याच घराण्याचा वंशज. आणि १९८४चा मल्याळम चित्रपट ‘माय डिअर कुट्टिचातन’, जो मराठी प्रेक्षकांनी ‘छोटा चेतन’ म्हणून हिंदीत पाहिला, त्याचा चष्मा प्रकाशाच्या ध्रुवीकरणाने तेच काम करीत होता, जे व्हीटस्टनच्या आरशांनी केले होते : एका डोळ्याचे चित्र दुसऱ्याला दिसू न देणे.

दुर्बिणीची गोष्ट याहून जुनी आणि अधिक वाकड्या वळणाची आहे. २ ऑक्टोबर १६०८ रोजी नेदरलंड्समधील चष्मे करणारा हान्स लिपरहाय याचा दुर्बिणीच्या पेटंटासाठीचा अर्ज तेथील राज्यसभेपुढे आला, तेव्हा सभासदांनी त्याच्याकडून लगोलग एक सुधारणा मागितली : यंत्र दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे करावे. डिसेंबरपर्यंत त्याने तसे यंत्र करून दिले, आणखी दोन पुरवली, एकूण ९०० गिल्डर मिळवले; मात्र ही कला इतरांनाही अवगत असल्याचे उघड झाल्याने पेटंट त्याला नाकारले गेले. म्हणजे दुर्बीण जन्माला येऊन काही आठवडे होतात न होतात तोच तिला दुसरी नळी फुटली होती. परंतु सभासदांना हवी होती ती खोली नव्हे, सोय. एक डोळा मिटून दीर्घकाळ पाहणे त्रासाचे असते, एवढेच त्यांना जाणवले असणार. पुढे शेरुबँ द’ओर्लेआँ या फ्रेंच कापुचिन साधूने १६७०च्या दशकात द्विनेत्री दुर्बिणींवर मोठे ग्रंथ लिहिले, एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहांमध्ये जोडनळीची छोटी दुर्बीण रूढ झाली, तरी या सगळ्यांत दोन वस्तुभिंगांमधले, म्हणजे दृश्याकडे तोंड असलेल्या भिंगांमधले, अंतर डोळ्यांमधल्या अंतराएवढेच राहिले.

ते बदलले येना येथील त्साइस कारखान्यातील एर्न्स्ट आबे याने. दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते. ते सुलटे करण्यासाठी काचेच्या लोलकांमधून प्रकाशाला चार वेळा परावर्तित करण्याची युक्ती इटालियन अभियंता इग्नात्सिओ पोर्रो याने १८५४मध्येच पेटंट केली होती. आबेला ती स्वतंत्रपणे सुचली, पण पोर्रोच्या कामामुळे त्या युक्तीवर हक्क सांगणे शक्य नव्हते. १८९३च्या पेटंटात त्याने हक्क सांगितला तो वेगळ्याच गोष्टीवर : लोलकांमधून जाताना प्रकाशाची वाट बाजूला सरकते, म्हणून वस्तुभिंगे नेत्रभिंगांपेक्षा एकमेकांपासून अधिक दूर बसवता येतात, आणि त्यामुळे खोली अधिक जाणवते. दुर्बिणीचा जो खांदे रुंदावलेला आकार चित्रांत आणि बोधचिन्हांत आजही ‘दुर्बीण’ म्हणून ओळखला जातो, तो या पेटंटाचा आकार आहे. एका अर्थाने पेटंट दिले गेले ते काचेला नव्हे, अंतराला. आणि पेटंटाची मुदत असेपर्यंत इतर कारखान्यांना आपल्या दुर्बिणींचे खांदे चोरून घ्यावे लागले.

येथे एक बारकावा समजून घेणे आवश्यक आहे, कारण दुर्बीण वापरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अनुभव असतो आणि त्याचे कारण सहसा माहीत नसते. आठपट दुर्बिणीतून ८० मीटरवरचे झाड १० मीटरवर असल्याएवढे मोठे दिसते. ते खरोखर १० मीटरवर आले असते, तर त्याच्या पुढच्या आणि मागच्या फांद्यांमधला दृष्टिभेद वर्गाच्या नियमाने ६४ पट झाला असता. दुर्बीण मात्र सर्व कोन आठपटच करते, म्हणून दृष्टिभेदही आठपटच होतो. झाडाची उंची-रुंदी आठपट जवळ आल्यासारखी, पण त्याची खोली आक्रसून एकअष्टमांश झालेली, असे विचित्र दृश्य डोळ्यांपुढे येते, आणि फांद्यांचे थर संगीत नाटकातल्या एकामागे एक सोडलेल्या रंगवलेल्या पडद्यांसारखे भासतात. आबेप्रमाणे वस्तुभिंगांमधले अंतर दुप्पट केले तर ही तूट निम्मी होते, पूर्ण भरून निघत नाही. एवढ्यावरून दुर्बीण खोली कमी करते असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण उघड्या डोळ्यांना साडेसहाशे मीटरवर लागणारी मर्यादा तीच दुर्बीण पाच किलोमीटरपलीकडे नेते, आणि दुप्पट अंतराची दहा किलोमीटरपलीकडे. ती खोली दाखवते दूरपर्यंत, पण दाखवते चेपून.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजाराने आबेची निवड बहुतांशी उलटवली. छपराच्या आकाराच्या लोलकांनी प्रकाशाची वाट सरळ ठेवता येते, नळ्या सडपातळ होतात, दुर्बीण हलकी आणि पाणरोधक करणे सोपे जाते. म्हणून आज बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहलींना जाणाऱ्या पक्षिनिरीक्षकांच्या गळ्यात बहुधा सरळ नळ्यांच्या दुर्बिणी दिसतात, ज्यांत वस्तुभिंगांमधले अंतर पुन्हा डोळ्यांच्या अंतराएवढेच आहे. खिशात मावणाऱ्या काही नमुन्यांत तर ते डोळ्यांच्या अंतराहूनही कमी असते. पानांच्या दाटीत पक्षी नेमका कोणत्या फांदीवर आहे हे शोधणाऱ्याला हा व्यवहार तोट्याचा आहे, पण वजनाचा काटा हातात जाणवतो आणि खोलीचा जाणवत नाही, त्यामुळे तोट्याची तक्रार क्वचितच होते. द्विनेत्री दुर्बिणीची दुसरी अट मात्र कोणालाही डावलता येत नाही : दोन्ही नळ्यांचे अक्ष समांतर असलेच पाहिजेत. डोळे आत वळू शकतात, थोडे बाहेरही वळतात, पण एक वर आणि एक खाली असे वळणे त्यांना जवळजवळ अशक्य असते. म्हणून पडून आपटलेल्या दुर्बिणीची एक नळी उभ्या दिशेने काही कलांनी जरी ढळली, तरी पाहणाऱ्याचे डोके दुखू लागते, आणि दोष दुर्बिणीत असताना चष्म्याचा नंबर तपासला जातो.

आधाररेषा वाढवण्याची हौस टोकाला गेली ती सैन्यात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५७मध्येच चार आरशांनी डोळे जणू फाकवणारे यंत्र वर्णिले होते. त्साइसने पुढे कात्रीसारखे दोन हात असलेली दुर्बीण केली, जी उभी धरली तर खंदकाच्या कठड्यावरून डोकावता येई आणि आडवी पसरली तर आधाररेषा कित्येक पटींनी वाढे. युद्धनौकांसाठी कित्येक मीटर लांबीचे अंतरमापक झाले. ३१ मे १९१६ रोजी सुरू झालेल्या जटलंडच्या सागरी लढाईत जर्मन नौकांवर त्साइसचे द्विनेत्री अंतरमापक होते, तर ब्रिटिश नौकांवर ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउडचे, ज्यांत दोन टोकांकडून आलेली अर्धी-अर्धी प्रतिमा एकाच डोळ्याने जुळवायची असे. जर्मनांच्या सुरुवातीच्या माऱ्यातील अचूकतेचे श्रेय अनेकांनी या यंत्राला दिले आहे. तरीही त्यात एक मेख होती : द्विनेत्री यंत्र चालवायला उत्कृष्ट खोलीदृष्टी असलेला माणूस निवडावा लागे, आणि थकवा व ताण यांनी त्याची पारख ढळे. ब्रिटिश यंत्राला लागणारा माणूस मिळवणे सोपे होते.

शांततेच्या काळात हेच तंत्र नकाशांच्या कामी आले. विमानातून एकापाठोपाठ घेतलेल्या छायाचित्रांत सुमारे ६० टक्के भाग सामाईक ठेवला, की लगतची दोन चित्रे म्हणजे शेकडो मीटर दूर असलेल्या दोन डोळ्यांची चित्रे होतात, आणि स्टिरिओस्कोपखाली टेकड्या वाजवीपेक्षा उंच उसळून येतात. हा अतिरेक नकाशाकाराच्या पथ्यावरच पडतो, कारण त्यामुळे समोच्चरेषा आखणे सोपे होते. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक २६ अंश पुढे झुकलेला आणि एक ५ अंश मागे. सुमारे ६१८ किलोमीटर उंचीवरून जाताना जमिनीचा तोच तुकडा पहिला कॅमेरा टिपे आणि पन्नासेक सेकंदांनी दुसरा. तेवढ्या वेळात उपग्रह साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पुढे गेलेला असे, म्हणजे त्याच्या दोन डोळ्यांमधले अंतर मुंबई ते औरंगाबाद या रस्त्याएवढे होते. ॲरिझोनातील लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपचे नाव ऐकून हेच काम तेथे होत असावे असे वाटते, पण ते तसे नाही, तेथील ८.४ मीटर व्यासाच्या दोन आरशांमधले अंतर ताऱ्यांच्या दृष्टीने नगण्य आहे, आणि दोन्हींचा प्रकाश एकत्र आणून बारकावा वाढवणे हा त्यांच्या जोडीचा उद्देश आहे.

आधाररेषा आक्रसण्याची कथा कमी नाट्यमय असली, तरी तिने माणसाचे अधिक भले केले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वस्तू काही मिलिमीटरची असते, तेव्हा डोळ्यांमधले ६३ मिलिमीटरही राक्षसी ठरतात. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ होरेशिओ ग्रीनो याने १८९२मध्ये आबेकडे मागणी केली, की दोन्ही डोळ्यांना स्वतंत्र वस्तुभिंग असलेला, सुलटे आणि भरीव चित्र दाखवणारा सूक्ष्मदर्शक करावा. काही वर्षांत त्साइसने तो केला. त्यातील दोन नळ्या एकमेकींशी १० ते १५ अंशांचा कोन करतात, आणि या आकड्यामागचे गणित सुरेख आहे : वस्तू डोळ्यांपासून २५ सेंटिमीटरवर धरली असता दोन डोळ्यांच्या नजरांमध्ये साधारण १४ अंशांचा कोन होतो. ग्रीनोच्या यंत्राने मुंगीला हातात धरलेल्या वस्तूचा कोन मिळवून दिला. घड्याळजी, जव्हेरी आणि मोबाइल दुरुस्त करणारे कारागीर आज वापरतात तो याच जातीचा सूक्ष्मदर्शक. १९२१मध्ये स्टॉकहोम येथे कार्ल-ओलोफ नुलेन याने कानाच्या शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक प्रथम वापरला तेव्हा तो एका डोळ्याचा होता. पुढच्याच वर्षी गुन्नर होल्मग्रेन याने द्विनेत्री यंत्र आणले, आणि १९५३च्या त्साइसच्या नमुन्यानंतर हे साधन शस्त्रक्रियागृहात स्थिरावले. मोतीबिंदू काढताना ज्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवायचे तिचा मागचा पडदा काही मायक्रॉन जाडीचा असतो. त्याच्या अलीकडे थांबायचे हे शस्त्रवैद्याला दृष्टिभेदच सांगतो.

डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, तपासण्याची अडचण आणखी बिकट होती. औषधाने विस्फारलेली रुग्णाची बाहुली सात-आठ मिलिमीटरची, आणि तिच्यातून वैद्याच्या दोन्ही नजरा आणि प्रकाशाचा झोत असे तिघे आत जायला हवेत. चार्ल्स शेपेन्स या बेल्जियन वैद्याने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात यावर जे यंत्र सिद्ध केले, त्यात कपाळावर बांधलेले आरसे वैद्याच्या डोळ्यांमधले अंतर १५ मिलिमीटरच्या आसपास आणतात, आणि हातात धरलेले भिंग या आक्रसलेल्या डोळ्यांची जोडी बाहुलीच्या आत पोहोचवते. खोली साधारण चौपटीने कमी होते, पण सुटलेले दृष्टिपटल उचलले गेले आहे की नाही हे कळण्यापुरती उरते. याउलट पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतला दोन नेत्रभिंगांचा सूक्ष्मदर्शक पाहून फसायला होते; तेथे वस्तुभिंग एकच असते, त्याचे चित्र दुभागून दोन्ही डोळ्यांना सारखेच दिले जाते, म्हणजे आधाररेषा शून्य आणि खोलीही शून्य. दिवसभर रक्ताच्या काचपट्ट्या पाहणाऱ्याला आराम मात्र मिळतो, आणि लिपरहायकडून मागितले गेले होते ते तेवढेच.

डाव्याचे चित्र उजव्याला आणि उजव्याचे डाव्याला दिले तर काय होईल, हेही व्हीटस्टनने १८५२मध्ये करून पाहिले. भांडे आतून बाहेर फुगलेले दिसते, मागची वस्तू पुढे येते. मात्र माणसाचा चेहरा असा उलटा व्हायला हट्टाने नकार देतो. नाक खड्ड्यात गेलेले पाहणे मेंदू नाकारतो आणि दृष्टिभेदाचा पुरावा बाजूला सारतो. खोली डोळ्यांत नसून मेंदूच्या निवाड्यात आहे हे यावरून दिसते, आणि तो निवाडा कोठे होतो याचे उत्तर विसाव्या शतकाने दिले. दोन्ही डोळ्यांतील दृष्टितंत्रिकांचे साधारण अर्धे तंतू मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडून जातात, त्यामुळे दृश्याच्या एका बाजूची दोन्ही डोळ्यांतील माहिती मेंदूच्या एकाच अर्धात भेटते. बेला युलेश या हंगेरीत जन्मलेल्या संशोधकाने १९६०मध्ये संगणकाने काढलेले निव्वळ ठिपक्यांचे दोन चौकोन प्रसिद्ध केले. एकेकट्या डोळ्याला त्यांत काहीही आकार दिसत नाही, दोन्ही एकत्र पाहिले की मधला चौकोन तरंगत वर येतो. व्हीटस्टनच्या रेषाकृतींत वस्तू निदान ओळखता तरी येत असे. युलेशने तीही उरू दिली नाही. काही वर्षांतच विशिष्ट दृष्टिभेदाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी मांजराच्या मेंदूत सापडल्या.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी, ज्यांना १९८१चे नोबेल पारितोषिक मिळाले, दाखवून दिले की मांजराच्या पिलाचा एक डोळा सुरुवातीच्या काही आठवड्यांत झाकून ठेवला, तर मेंदूतील पेशी त्या डोळ्याकडे पाठ फिरवतात आणि पुढे डोळा उघडला तरी फिरून वळत नाहीत. माणसाच्या बाळात खोलीदृष्टी तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बऱ्याच झपाट्याने उमलते, आणि तिरळेपणामुळे त्या काळात दोन्ही डोळ्यांची नजर जुळली नाही तर ती उमलतच नाही. मेंदू एका डोळ्याचे चित्र दडपतो आणि तो डोळा ‘आळशी’ होतो. मूल मोठे झाले की तिरळेपणा आपोआप जाईल, या भाबड्या आशेत नेमका हाच काळ निघून जातो. चांगला डोळा काही तास पट्टीने झाकून आळशी डोळ्याला कामाला लावणे हा जुना उपाय आजही उपयोगी आहे. पण तो करताना मूल एकाक्षच असते, दोन डोळे एकत्र वापरण्याचा सराव त्यातून होत नाही. सुसान बॅरी या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ महिलेला बालपणापासूनच्या तिरळेपणानंतर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी व्यायामांनी खोलीदृष्टी आली, आणि २००९मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिले. तेव्हापासून ‘ठरावीक वयानंतर काहीच होत नाही’ हे विधान पूर्वीइतक्या ठामपणे केले जात नाही.

दोन डोळ्यांमधला फरक अंतराचाच असला पाहिजे असे नाही, हेही उपकरणकारांनी शोधून काढले आहे. त्साइसमधील कार्ल पुल्फरिख याने १९२२मध्ये दाखवले, की एका डोळ्यावर काळी काच धरून डावीकडे-उजवीकडे झुलणारा लंबक पाहिला तर तो लंबवर्तुळात फिरताना दिसतो, कारण अंधुक प्रतिमेचा संदेश मेंदूत किंचित उशिरा पोहोचतो आणि ती काळाची तफावत मेंदू अंतर म्हणून वाचतो. पुल्फरिख स्वतः एका डोळ्याने अंध होता, त्यामुळे त्याच्याच नावाने ओळखला जाणारा हा परिणाम त्याला दिसू शकत नव्हता. गेल्या काही वर्षांत आळशी डोळ्याच्या उपचारासाठी जी द्विनेत्री पद्धत आली आहे, तिच्यात मुलाला डोक्यावर चढवण्याच्या पडद्यातून चित्रपट किंवा खेळ दाखवला जातो, पण चांगल्या डोळ्याच्या चित्राचा उठाव मुद्दाम फिका केलेला असतो आणि चित्रातील काही भाग एकाच डोळ्याला दिसतो, जेणेकरून दोन्ही डोळे जुळवल्याशिवाय गोष्ट पुरी कळू नये. अमेरिकेतील औषध नियामकाने चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी अशा एका उपकरणाला २०२१मध्ये मान्यता दिली. पट्टीच्या तुलनेत ही पद्धत किती सरस, याबद्दल नेत्रतज्ज्ञांमध्ये अद्याप एकमत नाही, आणि चांगल्या डोळ्याचे चित्र नेमके किती फिके ठेवायचे व ते किती वेगाने पूर्ववत करत न्यायचे, हे दर मुलागणिक ठरवावे लागते.